शरीरात शिरणारी बुरशी

बुरशी ही वनस्पतीही नव्हे आणि जीवाणूही नव्हे. जीवशास्त्रात तिची स्वतंत्र सृष्टी मानली जाते, आणि उत्क्रांतीच्या नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जास्त जवळची आहे. शिळ्या भाकरीवरचा कापसासारखा थर, पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर उगवणाऱ्या छत्र्या, पावाचे पीठ फुगवणारे किण्व ही सगळी या एकाच सृष्टीतली मंडळी. शास्त्रज्ञांनी आजवर सुमारे दीड लाख जाती नोंदवल्या आहेत. न नोंदवलेल्या जातींची संख्या कितीतरी लाखांत असावी, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांचे काम एकच : मेलेल्या वस्तू कुजवून त्यांतली अन्नद्रव्ये मातीला परत करणे. जिवंत माणसाच्या शरीरात वाढू शकतील अशा जाती जेमतेम काही शेकडे आहेत, आणि जिवावर बेतणारा आजार वारंवार करणाऱ्या तर काही डझनच.

ही संख्या इतकी कमी का, याचे एक कारण शरीराच्या तापमानात आहे. बहुतेक बुरशी २५ ते ३० अंश सेल्सिअसला सुखाने वाढतात. त्यापुढे प्रत्येक अंशागणिक तग धरणाऱ्या जाती कमी होत जातात, आणि ३७ अंशांच्या आसपास थोड्याच उरतात. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आर्तुरो कासादेव्हाल यांनी या मुद्द्याचा बराच पाठपुरावा केला आहे. थंड रक्ताचे बेडूक एका बुरशीमुळे जगभर मोठ्या संख्येने मेले. उत्तर अमेरिकेतील वटवाघळे हिवाळ्याच्या दीर्घ झोपेत, म्हणजे शरीर गार पडलेले असताना, दुसऱ्या एका बुरशीला बळी पडली. उबदार रक्ताच्या प्राण्यांमध्ये अशी बुरशीची साथ क्वचितच दिसते.

दुसरे कारण प्रतिकारशक्तीचे. हवेत बुरशीचे बीजाणू कायम तरंगत असतात, आणि प्रत्येक माणूस ते रोज शेकड्यांनी श्वासावाटे आत घेतो. फुप्फुसातील भक्षक पेशी आणि रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे फडशा पाडतात, आणि माणसाला काही कळतही नाही. म्हणून गंभीर बुरशीजन्य आजार झाला, की पहिला प्रश्न बुरशीविषयी नव्हे, तर त्या माणसाविषयी विचारावा लागतो : याचे संरक्षण कुठे ढासळले? उत्तरे ठरावीक असतात. ताब्यात नसलेला मधुमेह, एचआयव्ही, रक्ताचा कर्करोग आणि त्यावरचे औषधोपचार, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, अतिदक्षता विभागातला लांबलेला मुक्काम. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाने ज्या रुग्णांना वाचवायला सुरुवात केली, नेमके तेच या आजारांना सर्वांत सोपे भक्ष्य ठरले. आधुनिक उपचार आणि गंभीर बुरशीजन्य आजार एकमेकांच्या सोबतीनेच वाढले आहेत.

भारतात हे सगळे २०२१ च्या उन्हाळ्यात अत्यंत क्रूरपणे समोर आले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. या आजाराचे वैद्यकीय नाव म्युकरमायकोसिस. तो करणाऱ्या बुरशी ऱ्हायझोपस, म्युकर, अपोफिसोमायसिस अशा प्रजातींतल्या आहेत. माती, कुजणारा पाला, शेणखत, शिळा पाव ही त्यांची नेहमीची घरे. ही बुरशी स्वतः काळी नसते. तिचे रुंद तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात, तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात, पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते आणि ते मांस मरून काळे पडते. काळा रंग मेलेल्या मांसाचा आहे. उपचार इतके अवघड का, याचेही उत्तर यातच आहे : जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे शिरेतून दिलेले औषध पोहोचणार कसे? म्हणून शल्यचिकित्सकाला मेलेला भाग निरोगी मांस लागेपर्यंत काढून टाकावा लागतो. कित्येक रुग्णांचा वरचा जबडा गेला, कित्येकांचा डोळा काढावा लागला. डोळा काढण्याचा निर्णय जीव वाचवण्यासाठी काही तासांत घ्यावा लागे, आणि तो ऐकण्याची वेळ करोनातून नुकत्याच सावरलेल्या कुटुंबांवर येत होती.

मधुमेहाशी या बुरशीचे नाते विशेष घट्ट आहे. रक्तातली साखर फार वाढली की न्यूट्रोफिल पेशी मंदावतात. इन्शुलिन अपुरे पडून रक्तात आम्ल साचू लागले, तर आणखी एक गोष्ट घडते. शरीरातले लोह एरवी ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेले असते. आम्लामुळे ही पकड सैल होते. वाढीसाठी लोहाची भुकेली असलेली बुरशी त्या मोकळ्या लोहावर तुटून पडते. डिफेरॉक्झमिन या जुन्या औषधाच्या बाबतीतही असाच उलटा परिणाम दिसला होता. शरीरातले जादा लोह काढून टाकण्यासाठी ते दिले जाई. पण ऱ्हायझोपसला नेमके त्या औषधाने पकडलेले लोह वापरता येते, त्यामुळे ते घेणाऱ्या रुग्णांत म्युकरमायकोसिस वाढलेला आढळला.

करोनाने या सगळ्या वाटा एकदम उघडल्या. श्वास अडकलेल्या रुग्णांसाठी स्टेरॉइड जीवरक्षक ठरली यात शंका नाही. पण ती योग्य वेळी, योग्य मात्रेत आणि साखरेवर रोज लक्ष ठेवून द्यायची असतात. त्या दिवसांत ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णांनीही घरी बसून, कुणीतरी पाठवलेल्या चिठ्ठीवरून ती घेतली. स्टेरॉइड साखर वाढवतात आणि प्रतिकारशक्ती दाबतात. आपल्याला मधुमेह आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. त्याचे निदान चेहरा सुजून रुग्णालयात दाखल झाल्यावर झाले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार नोंद करणे बंधनकारक असलेल्या रोगांत घालण्यास सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते, त्याखालोखाल गुजरातेत. या आजारावरच्या अँफोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांना शहरभर वणवण करावी लागली.

करोनाने हा आजार भारतात आणला, असे मात्र नाही. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील अरुणालोक चक्रबर्ती आणि त्यांचे सहकारी त्याआधी कित्येक वर्षे सांगत होते, की भारतात म्युकरमायकोसिसचे प्रमाण जगाच्या तुलनेत सुमारे ७० पट असावे. मधुमेहाच्या मोठ्या संख्येशी त्याचा थेट संबंध आहे. हा इशारा वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांतच राहिला.

ही बुरशी जखमेवाटेही शिरते. मे २०११ मध्ये अमेरिकेतील जॉप्लिन शहराला टोर्नेडो वादळाने उद्ध्वस्त केले, तेव्हा माती आणि लाकडाच्या ढलप्या अंगात घुसलेल्या १३ जखमींना अपोफिसोमायसिसची लागण झाली. त्यांतले पाच दगावले. भारतात अपघाताच्या मातीने भरलेल्या जखमांत हीच प्रजाती आढळते, आणि ती धडधाकट माणसालाही सोडत नाही.

गाजावाजा न होता म्युकरमायकोसिसहून कितीतरी जास्त माणसे ॲस्परजिलस या बुरशीमुळे आजारी पडतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस खताच्या ढिगात वाढते, तिथली उष्णता तिला मानवते, त्यामुळे माणसाच्या शरीरातले ३७ अंश तिला काहीच वाटत नाहीत. तिचे बीजाणू दोन ते तीन मायक्रॉनचे, म्हणजे फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत सहज पोहोचतील इतके बारीक असतात. न्यूट्रोफिल पेशी घटलेल्या कर्करोगाच्या रुग्णात ती काही दिवसांत फुप्फुस पोखरून रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकते. दम्याच्या काही रुग्णांत ती ॲलर्जीच्या रूपाने त्रास देते.

भारतीय वाचकाने तिचे तिसरे रूप नीट समजून घ्यायला हवे. क्षयरोग बरा झाला तरी फुप्फुसात कधी कधी पोकळी उरते. त्या पोकळीत ॲस्परजिलस वस्ती करते, तंतूंचा गोळा तयार होतो आणि आजार वर्षानुवर्षे चालतो. खोकला, वजन घटणे, थकवा, थुंकीतून रक्त ही सगळी लक्षणे क्षयासारखीच. रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतो, थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरी ‘क्षय उलटला’ असे समजून त्याच गोळ्या पुन्हा सुरू होतात. या दुसऱ्या आजाराचा विचार डॉक्टरच्या मनात आला, तर रक्तातली ॲस्परजिलसविरोधी प्रतिपिंडे तपासून आणि सीटी स्कॅन करून निदान होऊ शकते. जगातले क्षयाचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशात या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी सहसा उपलब्ध नसतात, ही मोठी उणीव आहे.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे किण्वाच्या रूपातले कवक, म्हणजे बुरशीच. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि झाडांच्या ढोलीत ते सापडते. शहरांतल्या कबुतरखान्यांविषयी डॉक्टर जी काळजी व्यक्त करतात, तिचे हे एक कारण. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांना होणारी ॲलर्जी हे दुसरे. क्रिप्टोकॉकसच्या पेशीभोवती शर्करेचे जाड कवच असते आणि त्यामुळे भक्षक पेशींना तिला गिळणे जमत नाही. फुप्फुसातून निसटून ते मेंदूच्या आवरणांपर्यंत जाते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे डोके दुखत राहते, नंतर उलट्या, धूसर दिसणे, गुंगी. उपचार न झाल्यास मृत्यू जवळपास अटळ. एचआयव्हीबाधितांत दर वर्षी एक लाखाहून अधिक मृत्यू या मेंदूज्वराने होतात असा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकेत. या आजाराच्या बाबतीत समाधानाची गोष्ट अशी, की थेंबभर रक्तावर दहा मिनिटांत निदान करणारी पट्टी उपलब्ध आहे. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या चाचणीने अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत गोळ्या एवढ्यावर भागते, हेही दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत त्याच वर्षी स्वीकारली.

एड्सच्या साथीची पहिली चाहूलही बुरशीनेच दिली होती. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. निरोगी तरुणांना हा आजार होत नाही, एवढ्यावरून वैद्यकाला कळले, की काहीतरी नवे आणि भयंकर सुरू झाले आहे. त्या वेळी न्यूमोसिस्टिसला आदिजीव समजत. ती बुरशी आहे हे १९८८ मध्ये तिच्या जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले.

कँडिडाची कथा वेगळी आहे, कारण ती बाहेरून यावी लागत नाही. कँडिडा अल्बिकन्स निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यात राहतेच. प्रतिजैविकांच्या भडिमाराने आतड्यातले जीवाणू मेले की तिला मोकळे रान मिळते. आतड्यावरची शस्त्रक्रिया किंवा मोठ्या शिरेत बरेच दिवस राहिलेली नळी यांतून ती रक्तात उतरते, आणि मग मूत्रपिंड, यकृत, डोळ्याचा पडदा कुठेही ठाण मांडते. ताप काही केल्या उतरत नाही, एवढेच लक्षण अनेकदा दिसते.

याच कुळातली कँडिडा ऑरिस ही अतिदक्षता विभागांची सध्याची सर्वांत मोठी डोकेदुखी. टोकियोतील एका वृद्ध स्त्रीच्या कानातून ती वेगळी करण्यात आली आणि २००९ मध्ये तिचे वर्णन झाले. पुढच्या काही वर्षांत ती दक्षिण आशिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांत जवळपास एकाच काळात दिसू लागली. जनुकीय तपासणीत हे वंश परस्परांपासून स्पष्ट वेगळे निघाले. म्हणजे ती एका ठिकाणाहून पसरली नव्हती. पृथ्वीच्या वाढत्या तापमानाशी जुळवून घेताना ही बुरशी माणसाच्या शरीरातली उष्णता सोसायला शिकली असावी, असा तर्क कासादेव्हाल यांनी मांडला आहे. तो अजून तर्कच आहे. पण २०२१ मध्ये दिल्लीतील अनुराधा चौधरी यांच्या गटाने अंदमानच्या खाऱ्या दलदलीतून आणि पुळणीवरून ही बुरशी शोधून काढली, तेव्हा निसर्गातला तिचा ठावठिकाणा पहिल्यांदा हाती आला. रुग्णालयात ती खाटेच्या दांड्यांवर, रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. नेहमीची काही जंतुनाशके तिच्यापुढे फिकी पडतात. क्लोरीनयुक्त द्रावण लागते. फ्लुकोनाझोल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाला तिचे बहुसंख्य नमुने दाद देत नाहीत. जुन्या पद्धतीच्या प्रयोगशाळा तिला भलतीच कँडिडा समजतात, त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवायला उशीर होतो आणि तोवर ती शेजारच्या खाटेवर पोहोचलेली असते.

मातीतून येणाऱ्या आणखी काही बुरशी विशिष्ट प्रदेशांशी बांधलेल्या आहेत. हिस्टोप्लाझ्मा वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत असते. भारतात तिचे रुग्ण मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये आढळतात आणि तीही क्षयाचे सोंग घेते. टॅलरोमायसिस मार्नेफी ही आग्नेय आशियातली बुरशी मणिपूरपर्यंत येते. या बुरशी बाहेर तंतूंच्या रूपात वाढतात आणि शरीराची ऊब मिळताच किण्वाचे रूप घेतात.

पायातून शिरणाऱ्या बुरशीचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. तमिळनाडूतील मदुराईत १८४० च्या दशकात नोंदला गेलेला ‘मदुरा फूट’ हा आजार अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांचा. काट्याच्या जखमेतून बुरशी आत जाते, पाऊल वर्षानुवर्षे सुजत जाते, त्याला भोके पडून दाणेदार स्राव येतो आणि शेवटी हाडही पोखरले जाते. या आजाराच्या मुळाशी बुरशी आहे हे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी मुंबईत राहून दाखवले. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे तेच हे कार्टर. ते १८५८ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढे साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होते. मायसेटोमा हे नाव त्यांचेच, आणि १८७४ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नंतर कळले, की असाच दिसणारा आजार काही जीवाणूही करतात. त्यावर प्रतिजैविके चालतात, बुरशीच्या प्रकारात मात्र महिनोन्‌महिने औषध आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या आजाराला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले.

शेतकऱ्याच्या डोळ्यालाही बुरशीचा धोका असतो. ऊस तोडताना पाते लागले, मळणीच्या वेळी भाताचे कूस डोळ्यात गेले, की बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला ओरखडा पडतो आणि फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलस तिथे रुजते. यात जीव जात नाही, पण डोळा जातो. डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे हे यात सर्वांत घातक ठरते. लाली तात्पुरती ओसरते आणि बुरशी आत खोलवर जाते. नाटामायसिन हे योग्य औषध वेळेवर मिळाले तर दृष्टी वाचू शकते.

बुरशीवर औषधे थोडी आहेत. जीवाणूची पेशी माणसाच्या पेशीहून अगदी वेगळी असल्याने तिला नेमके मारणारी औषधे पुष्कळ सापडली. बुरशीची पेशी माणसाच्या पेशीसारखीच केंद्रक असलेली. तिला मारणारे विष रुग्णालाही बाधते. फरक आहेत ते मोजके. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. बुरशीला कायटिन आणि ग्लुकान यांची बाहेरची भिंत असते, माणसाच्या पेशीला ती नसते. आजची जवळजवळ सगळी औषधे या दोन फरकांवर उभी आहेत. अँफोटेरिसिन बी अर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाची वाट लावते, पण मूत्रपिंडालाही इजा करते. म्हणून ते मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून देतात आणि त्यामुळे महाग पडते. अझोल गटातली औषधे अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. एकायनोकँडिन गट भिंतीवर हल्ला करतो.

अँफोटेरिसिन सापडले ते व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जीवाणूत. त्याच्या थोडे आधी, १९५० मध्ये, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकी स्त्रियांनी निस्टाटिन हे औषध शोधले होते. याच परंपरेतला एक शोध पिंपरीचा आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हा जीवाणू वेगळा केला आणि त्यापासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध तयार केले. १९६१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्वतंत्र भारतातल्या एका सार्वजनिक कारखान्याने, परदेशी परवान्याशिवाय, स्थानिक मातीतून नवे औषध शोधले ही मोठी गोष्ट होती. ते काम पुढे नेटाने वाढवले गेले नाही, याची हळहळ वाटते.

आहेत ती औषधेही हातची जाऊ लागली आहेत. नेदरलँड्समधील डॉक्टरांना असे रुग्ण भेटू लागले, की ज्यांनी अझोल औषध कधी घेतलेच नव्हते, तरी त्यांच्या फुप्फुसातली ॲस्परजिलस त्याला जुमानत नव्हती. कारण शेतात होते. पिकांवर फवारली जाणारी ट्रायझोल बुरशीनाशके आणि रुग्णाला दिली जाणारी अझोल औषधे एकाच घराण्यातली. शेतातल्या मातीत, खताच्या ढिगात ॲस्परजिलसला फवाऱ्याची सवय होते आणि तेच बीजाणू वाऱ्याने माणसापर्यंत येतात. असे प्रतिरोधी वाण भारतातही सापडले आहेत. द्राक्षाच्या भुरीवर ट्रायझोल फवारणाऱ्या महाराष्ट्राने हा प्रश्न केवळ परदेशातला मानून चालणार नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच घातक बुरशींची यादी जाहीर केली. तीत १९ नावे आहेत. सर्वांत वरच्या गटात चार : क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स. मँचेस्टरचे डेव्हिड डेनिंग यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६५ लाख लोकांना गंभीर बुरशीजन्य आजार होतात, आणि सुमारे २५ लाख मृत्यूंचे थेट कारण हे आजार असतात. माणसाला देता येईल अशी एकही बुरशीविरोधी लस आजवर मान्य झालेली नाही.

त्यामुळे वेळेवर निदान यालाच सर्वांत जास्त मोल आहे. मधुमेह असलेल्या किंवा स्टेरॉइड घेत असलेल्या माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली, बधिर झाली, नाकातून काळपट स्राव आला, दात अचानक हलू लागले, एकाची दोन दिसू लागली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. उद्यावर टाकू नये. क्षयाचा पूर्ण उपचार होऊनही थुंकीत रक्त येत राहिले आणि जंतू सापडत नसतील, तर ॲस्परजिलसची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आणि स्टेरॉइडची गोळी, मलम किंवा डोळ्याचे थेंब कुणाच्या सांगण्यावरून, जुन्या चिठ्ठीवर किंवा दुकानदाराच्या भरवशावर कधीही सुरू करू नयेत.